रहस्यपटाचा पहिला प्रवेश

खिशांतील मोबाईलवर चित्रण करतां येऊं लागल्यापासून आमच्या विद्यार्थ्यांस रहस्यपट काढण्याची हौस लागली आहे. ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मुलांस आरंभासाठीं सुचतें तें दृश्य बहुधा एकच असतें: रुळांवरून धापा टाकीत धांवणारा माणूस, पाठीमागें मारेकरी आणि समोरून येणारी गाडी. त्यांत नवल नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली उतारू गाडी ठाण्यासच येऊन थांबली व पुढल्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. आगगाडी आमच्या हाडींमाशीं खिळली आहे. तरीहि ह्या दृश्यास आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ धोक्यापुरता नाहीं. कलेच्या दृष्टीनेंहि तें दृश्य दुबळें आहे.

आल्फ्रेड हिचकॉक ह्या दिग्दर्शकानें फ्रांस्वा त्रुफो ह्याच्याशीं १९६२ सालीं झालेल्या संभाषणांत एक मार्मिक दाखला दिला होता. मेजाखालीं बाँब आहे. प्रेक्षकांस तो ठाऊक नसतांना फुटला, तर ते क्षणभर दचकतात. तोच आधीं दाखवून वर बसलेल्यांस खुशाल गप्पा मारूं दिल्या, तर प्रेक्षकांचा जीव कितीतरी वेळ टांगणीला लागतो. मराठी पडद्यास हें मर्म त्यापूर्वींच उमगलें होतें. प्रभात कंपनीचा, शांताराम ह्यांनीं दिग्दर्शित केलेला ‘अमृतमंथन’ (१९३४) पाहावा. बळी देण्याची चाल बंद करणाऱ्या राजाच्या वधाचा कट आरंभींच शिजतो. राजास जें ठाऊक नाहीं तें आपणांस ठाऊक होतें, आणि त्या क्षणापासून आपण स्वस्थ बसूं शकत नाहीं. रुळांवर धांवणारा माणूस कोण, त्याचें काय जाणार आहे, हेंच जर कळलें नाहीं, तर त्याच्याविषयीं भय कोणास वाटावें?

ह्याउलट डोंबिवलीच्या एखाद्या चाळींतील खोली घ्या. एक मुलगा घाईघाईनें पत्र्याच्या ट्रंकेंत कांहीं पुडकें दडवितो व निघून जातो. त्याची धाकटी बहीण येते, दाराला कडी लावते, दिव्याखालीं अभ्यासास बसते. तिला कांहींच ठाऊक नाहीं. इतक्यांत दूर गाडीचा भोंगा ऐकूं येतो; धडधड वाढत जाते, फडताळांतील भांडीं थरथरूं लागतात; आणि त्याच गोंगाटांत दाराच्या फटींतून आंत आलेली एक पट्टी कडी हळूहळू वर उचलते. आपणांस ती दिसते, मुलीला ऐकूं येत नाहीं. ती पान उलटते. गाडी निघून जाते, शांतता पसरते, आणि कडी पडलेली असते.

गाडी दाखवावीच लागली नाहीं! तिचा आवाज घराच्या खिडकींतून निराळा टिपून घेतां येतो. मात्र हें सर्व आधीं कागदावर उतरलें पाहिजे. दहाबारा चौकटी आंखाव्या. प्रत्येकींत काय दिसतें, काय ऐकूं येतें व किती सेकंद, हें लिहावें. कडीची चौकट मोठी हवी, आणि मुलगी ती लावते तेव्हांच ती एकदां नीट दाखविलेली हवी. नाहींतर पुढें ती हलली तरी कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं. आमचे चित्रपटकार नेमकी ही पायरी गाळतात व थेट पिस्तूल शोधावयास निघतात. (खेळण्यांतील पिस्तूल घेऊन फलाटावर धांवणाऱ्या मुलाकडे पोलीस कोणत्या दृष्टीनें पाहतील, तें सांगावयास नको.)

रुळांवर विनापरवाना जाणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें गुन्हा आहे, हें खरें. परंतु आमच्या मनांत त्याहून जड गोष्ट आहे. ९ जून २०२५ रोजीं ह्याच मार्गावर मुंब्र्याजवळ धांवत्या गाड्यांतून पडून प्रवाशांनीं प्राण गमावले. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील त्याच मार्गानें रोज दाराशीं लोंबकळत कामावर जातात. रुळांवरील मरणाचा देखावा त्यांनीं स्नेहसंमेलनांत बसून करमणूक म्हणून पाहावा काय?

तेव्हां पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे कीं, एका संध्याकाळीं त्यांनीं बाहेरची खोली मुलांस मोकळी करून द्यावी व आपण स्वयंपाकघरांत बसावें. कडी उचलणारा हात कोणाचा, हें मात्र आधींच विचारूं नये.