आधी आत्तेसासूबाई, मग नाशिक

गेल्या सुट्टीत आम्ही नाशिकला गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, ती उतरवून आणायची होती. गुरुजींनी पहिलाच प्रश्न केला, "मूळ गाव कोणतं?" आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो! वह्या लावलेल्या आडनाव-गावावरून; गावाशिवाय पान सापडणार कसं? द्राक्षं घेऊन परत आलो.

तेव्हा मैत्रिणींनो, पिशवी भरण्याआधी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव, कुलदैवत विचारा आणि प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव न विसरता लिहून घ्या. वंशावळीत बहुधा पुरुषच असतात. आमच्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव घरातल्या एकाही कागदावर नव्हतं. आत्तेसासूबाईंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं.

गाव कळलं की तहसील कचेरीत अर्ज करता येतो. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींना तिथे 'कोतवाल बुक' म्हणतात. साधारण साल मात्र हवं. नोंदी पुष्कळदा मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारं कुणीतरी आधीच गाठून ठेवावं. पुण्याच्या पेशवे दप्तराकडे पहिल्याच फेरीत धावू नका. वतन, इनाम, चाकरी असं काही घराण्यात असेल तरच तिथे शोधण्यात अर्थ.

नाशिक आता दिवाळीनंतर. आत्तेसासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांच्याकडे येत्या रविवारीच जातेय.