तोलाची तपासणी का होत नाही?

घरातले कुणी वडीलधारे ‘गरगरतंय’ म्हणाले, की निदान घरातच होते. पित्त झाले असेल, बीपी वाढले असेल, मानेचे मणके असतील. कानाचे नाव कुणाच्या मनातही येत नाही. वास्तविक प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तोलाची पाच इंद्रिये आहेत. डोके वळल्याची वर्दी तीन अर्धवर्तुळाकार नलिका देतात; डोके कुठे झुकले, शरीर कुठे सरकले, हे दोन इवल्या पिशव्या सांगतात.

ही इंद्रिये खोल हाडात दडलेली. त्यांची परीक्षा घ्यायची कशी? व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी यांनी पाहिले, की कानात गार पाणी सोडले तर बुबुळे एका दिशेने झटके देतात आणि गरम सोडले तर उलट दिशेने. या संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही तपासणी आजही होते. पण ती प्रामुख्याने एकाच नलिकेची खबर देते, शिवाय रुग्णाला मळमळते ते वेगळेच.

१९८८ मध्ये हॅल्मागी आणि कर्थॉइज यांनी सोपी वाट दाखवली. रुग्णाने डॉक्टरांच्या नाकाकडे पाहत राहायचे. डॉक्टर त्याचे डोके थोडेसे, पण झटकन वळवतात. कान धड असेल तर नजर ढळत नाही. नसेल तर ती घसरते आणि उडी मारून परत येते. पुढे वेगवान कॅमेऱ्याचा चष्मा आला आणि दोन्ही कानांच्या सहाही नलिका स्वतंत्रपणे तपासता येऊ लागल्या.

यात जिवाचाही प्रश्न आहे. एकाएकी सुरू झालेली गरगर थांबत नसेल आणि तरीही ही तपासणी निर्दोष आली, तर हायसे वाटून घेऊ नये. दोष मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असू शकतो.

यंत्र महाग आहे, मान्य. पण डॉक्टरांच्या हाताला आणि नजरेला कुठे पैसे पडतात? हवे ते शिक्षण आणि पाच मिनिटांची सवड. प्रत्येक नव्या डॉक्टरला ही तपासणी करून दाखवता आलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या, तर मेंदूला नव्याने तोल सावरायला शिकणेच अवघड होते. म्हणून आपणही गोळी घेण्याआधी अदबीने विचारावे, “डॉक्टर, कान तपासलात का?”