रूळ बोलतील, ऐकणार कोण?

उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. जुन्या काळी रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत असत ती याचसाठी, आणि गाडीचा परिचित खडखडाट हे त्या फटींचेच देणे होते. आता वेल्डिंग करून रूळ मैलोगणती अखंड करण्यात आले आहेत. प्रवास सुखाचा झाला, सांध्यांची झीज टळली, हा लाभ उघड आहे. परंतु वाढण्यास जागा न उरलेल्या पोलादाच्या अंगी जो जोर कोंडला जातो, त्याचा विचार प्रवाशाच्या मनात क्वचितच येतो.

वस्तुतः हा हिशेब अवघड नाही. मीटरला ६० किलो वजनाचा जो रूळ आपल्या मुख्य मार्गांवर वापरतात, त्यात तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे १.८ टन जोर साठतो. उन्हातील रूळ हवेहून सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकतो. तेव्हा ४० अंशांवर जखडलेला रूळ विदर्भातील वैशाखात ६० अंशांवर गेला, तर एकेका रुळात ३६ टनांचा दाब उभा राहतो. तोच रूळ पौषातल्या पहाटे १० अंशांवर उतरला, तर ५४ टनांची ओढ लागते. दाब अनावर झाला की रूळ बाजूस वाकतो. ओढ अनावर झाली की तो दुबळ्या जागी तडकतो. शिवाय ज्या तापमानास रूळ ताणरहित होता, ते तापमानही ब्रेकच्या ओढीने, वारंवारच्या दुरुस्तीने व खडी हलल्याने कालांतराने बदलते. हा बदल मार्गावर रोज चालणाऱ्या कीमनच्या सराईत डोळ्यासही दिसत नाही.

येथेच प्रकाशतंतू उपयोगी पडतो. पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासमवेत १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. पुढे १९७८ साली कॅनडातील केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूच्या गाभ्यात सूक्ष्म रेखांची माळ उमटविता येते, हे सिद्ध केले. ही माळ प्रकाशातील एकच नेमका रंग परत पाठविते, आणि तंतू ताणला वा तापला की तो रंग किंचित बदलतो. रुळास एक तंतू घट्ट चिकटविला व दुसरा केवळ उष्णता मोजण्यासाठी मोकळा ठेवला, म्हणजे तापलेला रूळ किती वाढावयास हवा होता आणि प्रत्यक्षात किती वाढला, हे कळते. त्या दोहोंतील अंतर हाच कोंडलेला ताण होय. एका तंतूवर असे अनेक संवेदक ओवता येतात आणि वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेचा त्यांस उपद्रव होत नाही. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी तेथील रेल्वेमार्गावर असे संवेदक बसविलेही आहेत.

आपल्या रेल्वेसही ही विद्या सर्वस्वी परकी नाही. ईशान्य सीमा रेल्वेवरील 'गजराज' योजनेत मार्गालगतचा प्रकाशतंतू हत्तींच्या पावलांचे कंप टिपतो व गाडी थांबविण्याची सूचना देतो. मात्र जमिनीत पुरलेला तंतू कंप ऐकू शकला, तरी रुळातील ताण मोजू शकत नाही. त्यासाठी तंतू रुळासच जोडावा लागतो, आणि तोही रूळ मोकळा करून पुन्हा जखडण्याच्या दिवशी. एरवी मोजमापास आरंभबिंदूच मिळत नाही.

तथापि आमची खरी चिंता यंत्राविषयी नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२२ सालच्या अहवालात, रेल्वेमार्गाची नोंद घेणाऱ्या विशेष गाड्यांच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट आढळल्याचे म्हटले आहे. गाड्या होत्या, नियम होते. पण तपासणी झाली नाही. जेथे हाती असलेल्या साधनाची ही अवस्था, तेथे नव्या साधनाने दिलेला इशारा दुपारी दोन वाजता कोणाच्या टेबलावर जाऊन पडणार? आणि वेळापत्रक बिघडेल या भीतीने तो तेथेच पडून राहणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रथम अधिकाराचा प्रश्न सोडवावा. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडीचा वेग उतरविण्याची आज्ञा आपोआप लागू व्हावी, आणि ती उठविणाऱ्याने आपले कारण लेखी नोंदवावे. त्यानंतर तीव्र वळणे, पुलांची तोंडे व बोर आणि थळ घाटांसारख्या कठीण जागा निवडून संवेदक बसवावेत. सैल पडलेली क्लिप, धुपलेली खडी व खचलेला भराव पाहण्यास माणूसच लागतो; तेव्हा संवेदकांचे निमित्त करून गँगमनच्या रिकाम्या जागा तशाच ठेवण्याचा मोह रेल्वेने कटाक्षाने टाळावा. या दोन गोष्टी पाळल्या, तरच हा खर्च प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी झाला असे म्हणता येईल.