जीवाणूंचा धागा आणि आईवरचा ठपका

फिनलंड आणि रशियातला कारेलिया प्रांत एकमेकांचे शेजारी. टाइप १ मधुमेहाचा धोका वाढवणारी जनुके दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात, तरी लहान मुलांमधला हा आजार फिनलंडमध्ये सुमारे सहापट जास्त आहे. एवढी तफावत जनुकांनी उलगडत नाही. २०१६ मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि रशियातल्या २२२ बाळांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन देशांतल्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइड्स कुळातले जीवाणू भरपूर होते, रशियन बाळांमध्ये कमी. या जीवाणूंच्या आवरणातला एक रेणू रोगप्रतिकारक पेशींना थोपवून धरतो. ई. कोलाय या आतड्यातल्याच दुसऱ्या जीवाणूच्या आवरणातला तसाच रेणू मात्र त्यांना चेतवतो, आणि तो टोचल्यावर मधुमेहप्रवण उंदरांमध्ये आजार उशिरा सुरू झाला. तान्हेपणी कोणत्या जीवाणूंशी गाठ पडते त्यावरून शरीर आपलं-परकं ओळखायला शिकतं, आणि ते शिकणं चुकलं तर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटतं, हा तर्क मला त्यामुळे दमदार वाटतो.

पण या तर्काच्या आधारे कुणा घरावर ठपका ठेवता येत नाही. मुलाला मधुमेह निघाला की आपल्याकडे आधी आईलाच विचारलं जातं: वरचं दूध का दिलंस, सारखी अँटिबायोटिक्स का दिलीस? अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि जर्मनीतल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या ‘टेडी’ अभ्यासात, लहान वयातली अँटिबायोटिक्स आणि या आजाराकडे नेणारा स्वतःच्या पेशींवरचा हल्ला यांचा संबंध दिसला नाही. त्याच अभ्यासात ७८३ मुलांच्या शौचाचे दहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तरी एकही ठरावीक दोषी जीवाणू हाती लागला नाही. निरोगी राहिलेल्या मुलांच्या जीवाणूंमध्ये तंतुमय अन्न आंबवून उपयुक्त आम्ले तयार करणारी जनुके काहीशी जास्त होती, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, ‘टेडी’मध्येच जनुकीय धोका मोठा असलेल्या ज्या बाळांना पहिल्या महिन्यात प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जीवाणूंचा डोस, मिळालं, त्यांच्यात स्वतःच्या पेशींवरचा हल्ला कमी दिसला; मग ते द्यायला काय हरकत? हरकत अशी की ते निरीक्षण होतं, चाचणी नव्हे. गाईच्या दुधातली प्रथिने आधीच तोडलेली पावडर दिली तर हा मधुमेह टळेल, ही आशाही अशीच भक्कम वाटत होती. २,१५९ बाळांवरच्या चाचणीत ती २०१८ मध्ये फोल ठरली. दही-ताक मुलांनी जरूर खावं. मात्र ‘आतडं सुधारलं की मधुमेह जाईल’ असं सांगून कुणी कॅप्सूल किंवा काढा विकत असेल, तर तो जिवाशी खेळ आहे. निदान होईपर्यंत बहुतेक मुलांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या असतात. इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल साठून मूल दगावू शकतं. संशोधन हवंच, आणि तेही आपल्या बाळांवर जन्मापासून व्हायला हवं, कारण हे सगळे निष्कर्ष वेगळं खाणाऱ्या, वेगळ्या हवेत वाढणाऱ्या मुलांचे आहेत. तोवर सरकारी रुग्णालयांत प्रत्येक मधुमेही मुलाला इन्सुलिन आणि साखर मोजायच्या पट्ट्या विनाखंड मिळाल्या पाहिजेत.