संगणकाशी गट्टी : राहून गेलेली तिसरी ओळ

रात्री साडेदहाला फोन वाजला. अवेळी फोन वाजला की घरातली माणसे आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, तसे आम्हीही पाहिले. पुण्याहून भाचीचा फोन होता. "मामा, झोपला नाहीत ना?" एवढे विचारून ती गप्प झाली आणि मग रडूच लागली.

ती एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांपासून नोकरी करते. एका पतसंस्थेची संगणकप्रणाली सांभाळण्याचे काम या कंपनीकडे आहे. पतसंस्थेच्या एका सभासदाने, एका निवृत्त गुरुजींनी, आपला मोबाइल क्रमांक बदलल्याचा अर्ज दिला होता. नेहमीच्या पडद्यावरून तो बदल होईना, तेव्हा "थेट डेटाबेसमध्ये दुरुस्त करून टाक" असे भाचीला सांगण्यात आले. तिने तीन ओळींची आज्ञा लिहिली. पहिल्या ओळीत सभासदांचा तक्ता, दुसरीत नवा मोबाइल क्रमांक आणि तिसरीत 'ज्याचा सभासद क्रमांक अमुक आहे त्याचाच' ही अट. आज्ञा चालवण्यापूर्वी तिने माउसने मजकूर निवडला. घाईत दोनच ओळी निवडल्या गेल्या, तिसरी राहिली.

'एक नोंद बदलली' असे उत्तर यायचे, तिथे चार हजारांवर नोंदी बदलल्याचे उत्तर आले. सगळ्या सभासदांचा मोबाइल क्रमांक एकच झाला, तो म्हणजे गुरुजींचा!

पुढच्या तासाभरात गुरुजींच्या खिशातला फोन थांबेना. कोणी पैसे भरले, कोणी काढले, कोणाचा कर्जाचा हप्ता थकला, सारे निरोप त्यांच्याकडे. ऐकताना हसू येते, पण शेजाऱ्याच्या कर्जाची बातमी आपल्या फोनवर येणे ही हसण्यासारखी गोष्ट नव्हे. आदल्या रात्रीची प्रत होती, म्हणून क्रमांक परत मिळाले. त्या दिवशी जे क्रमांक बदलले होते, ते मात्र कागदी अर्ज काढून पुन्हा भरावे लागले.

"मामा, मी उद्या राजीनामा देतेय," ती म्हणाली.

मी म्हटले, "राजीनाम्याचे उद्या बघू. आधी मला सांग, तुझ्या पडद्यावर खरा डेटाबेस कुठला आणि सरावाचा कुठला, हे तुला कशावरून कळते?"

पलीकडून काही वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "दोन्ही सारखेच दिसतात."

खतावणी आणि लेखणी

वाचकहो, ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जाऊ. डेटाबेस म्हणजे संगणकातली खतावणी. माहिती तक्त्यांमध्ये ठेवावी आणि ती कुठे कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी, ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची आणि त्यांत बदल करण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. भाची ज्यावर काम करते त्या पोस्टग्रेस या डेटाबेसचा आरंभ १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात झाला. तो फुकट मिळतो आणि जगभर वापरला जातो.

खतावणी झाली, आता लेखणी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची लेखणी म्हणजे कोड एडिटर. सध्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरचा मोठा बोलबाला आहे. मायक्रोसॉफ्टने तो एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. मूळ एडिटर तसा सुटसुटीत, पण त्याला हवी ती जोडणी लावता येते. पोस्टग्रेसची जोडणी लावली, की डावीकडे तक्त्यांची यादी दिसते. आज्ञा लिहिताना रकान्यांची नावे आपोआप सुचवली जातात आणि उत्तर तिथेच पडद्यावर येते.

सोय झाली, की वेग येतो. तिथेच मेख आहे. पूर्वी खऱ्या डेटाबेसकडे जायचे तर वेगळी खिडकी, वेगळा संकेतशब्द असे चार उंबरे ओलांडावे लागत. आता एकाच खिडकीत सरावाचा आणि खरा असे दोन्ही डेटाबेस शेजारी शेजारी असतात. त्यात मजकूर निवडलेला असेल तर बहुतेक जोडण्या तेवढाच मजकूर चालवतात. ही खोड नव्हे, सोयच आहे. लांबलचक फायलीतला एखादा तुकडाच तपासून पाहायचा असतो, तेव्हा ती उपयोगी पडते. पण अट बाहेर राहिली तर संगणक 'अगं, तिसरी ओळ राहिली' असे सांगत नाही. अटीशिवायची आज्ञाही त्याच्या लेखी शुद्धच असते.

मोठ्यांच्या घरीही हेच

भाचीला मी एक घडलेली हकीकत सांगितली. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम साठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथला एक अभियंता उशिरापर्यंत बिघाडाशी झुंजत होता. दुय्यम यंत्रावरची माहिती पुसायची म्हणून त्याने आज्ञा दिली आणि ती मुख्य यंत्रावर चालली. चूक क्षणार्धात लक्षात आली, त्याने हात आखडता घेतला, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते. तोही पोस्टग्रेसच होता.

राखीव प्रती पाहाव्यात, तर रोज घेतली जाणारी प्रत तयारच होत नव्हती. प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि तो अपयशी होत असल्याचे इशारेही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती. तीच कामी आली. मधल्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच.

कंपनीने काय केले? सारी हकीकत बारीकसारीक तपशिलांसह प्रसिद्ध केली. एका माणसाच्या माथी खापर फोडण्याऐवजी अशी चूक होऊ शकली कशी, याचा शोध घेतला. पुढच्या सुधारणांच्या यादीत एक साधी बाब होती : कोणत्या यंत्रावर आपण आहोत, हे पडद्यावर ठळक दिसले पाहिजे.

बँकेची जुनी रीत

मी बँकेत असताना एका कारकुनाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, ही रीत होती. कारकून चोर आहे म्हणून नव्हे, तर माणूस आहे म्हणून! आजच्या एडिटरमध्ये ही रीत पाळण्याची सारी साधने आहेत. त्या रात्री आम्ही फोनवरच यादी केली, ती अशी.

पहिले, रंग. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये प्रत्येक कामाच्या फोल्डरसाठी वेगळी मांडणी ठेवता येते आणि खिडकीच्या पट्टीचा रंगही बदलता येतो. खऱ्या डेटाबेसचे काम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याची पट्टी लालभडक करावी, सरावाची हिरवी. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरे, 'बिगिन' आणि 'रोलबॅक'. बदलाच्या आज्ञेआधी 'बिगिन' लिहिले, की 'कमिट' म्हणेपर्यंत बदल पक्का होत नाही आणि 'रोलबॅक' म्हटले की सारे पूर्ववत होते. म्हणून आधी शेवटी 'रोलबॅक' लिहूनच आज्ञा चालवावी. किती नोंदी बदलल्या तो आकडा पाहावा. एक हवी होती आणि एकच आली, तरच 'रोलबॅक' खोडून 'कमिट' लिहावे. पण हा उपाय पुरेसा नाही. निवडताना अट जशी राहिली, तसे 'बिगिन'ही बाहेर राहू शकते.

म्हणून तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. रोजच्या वापराच्या नावाला खऱ्या डेटाबेसमध्ये फक्त वाचण्याची परवानगी असावी. बदलाची परवानगी असलेले नाव वेगळे असावे आणि ते प्रसंगीच वापरावे. मग हात चुकला तरी डेटाबेस 'परवानगी नाही' म्हणून अडवतो. तिजोरीची किल्ली कमरेला लावून कोणी दिवसभर हिंडत नाही.

चौथे, रोजकीर्द. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' हे साधन तयार केले. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधून ते सहज वापरता येते. डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी फायलीत लिहावा, ती फाइल गिटमध्ये नोंदवावी, दुसऱ्याने वाचून मान्य करावी, सरावाच्या डेटाबेसवर चालवून पाहावी आणि मगच खऱ्यावर न्यावी. कोणी, केव्हा, काय बदलले हे कायम राहते. चूक निघाली तर खाडाखोड न करता उलट नोंद करायची, अगदी आपल्या रोजकिर्दीसारखी. मात्र संकेतशब्द या फायलींत कधीही लिहू नये. रोजकीर्द चारजण वाचतात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीसही एडिटरमध्ये बसल्या बसल्या आज्ञा लिहून देतात. त्यांचे व्हाउचरही तपासल्याशिवाय पास करू नये!

पाचवे, राखीव प्रत. नुसती घेऊन भागत नाही. महिन्यातून एकदा तरी ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी. न उघडलेली प्रत ही न वठवलेल्या धनादेशासारखी असते. पैसे आहेत की नाहीत, ते बँकेत गेल्यावरच कळते.

राजीनामा

भाचीने राजीनामा दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने घडले ते एका कागदावर जसेच्या तसे लिहिले, खाली ही यादी जोडली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब आधी रागावले. मग त्यांनी विचारले, "खऱ्या डेटाबेसची किल्ली आपल्याकडे कितीजणांकडे आहे?" मोजले तर सगळ्यांकडेच होती, अगदी महिन्यापूर्वी लागलेल्या मुलाकडेही. आता ती दोघांकडेच आहे, आणि त्या दोघांत आपले नाव नको, असे भाचीने स्वतःच सांगितले.

गुरुजींकडे क्षमा मागायलाही ती जाऊन आली. त्यांनी आलेले निरोप पुसून टाकले होते. "लोकांचे हिशेब मी कशाला वाचू?" म्हणाले, आणि चहा दिला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज हेच काम करतात. रात्री-अपरात्री त्यांचा असा फोन आला, तर 'तू कशी चुकलीस?' असे आधी विचारू नका. 'चूक होण्याआधी तुला अडवणारे तिथे काय होते?' असे विचारा. 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर ही यादी त्यांना जरूर वाचून दाखवा.