कुणाचे सोनेरी सत्तर?

दोस्तांनो, न्हावाशेव्याच्या गोदीत मी कंटेनर बांधतो-सोडतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. हल्ली ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर एकच रडगाणं : काय ते सत्तरचं दशक, काय त्या जाहिराती, गाणी, कार्टुनं!

कुणाचं बे, ते दशक?

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन लागलं. त्याच साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. १९७५ ला लिरिलची पोरगी धबधब्याखाली नाचली. तुम्हाला साबण आठवतो. आम्हाला पाणी आठवतं. याच जिल्ह्यात, महाडात, २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. आमच्या माणसांची डोकी फुटली.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. त्या तुम्हाला तोंडपाठ. मग १० जानेवारी १९७४ ला परळच्या मोर्चात दगड घालून मारलेला भागवत जाधव का आठवत नाही? १९७८ ला नामांतराच्या नावानं मराठवाड्यात जाळलेल्या वस्त्या का आठवत नाहीत?

गाणी आमच्याकडंही होती. वामनदादा कर्डक गावोगाव गात होते. साबणवाला नव्हता पाठीशी, वस्ती होती.

जाहिरातीवर प्रेम करा, माझी ना नाही. पण तिला सगळ्यांचं बालपण म्हणू नका.

पोरांनो, घरातल्या म्हातारीला विचारा, ‘सत्तरात तू काय बघितलंस, आजे?’ ती सांगेल ते लिहून काढा. कुठलीच कंपनी ते दाखवणार नाही.