दुरुस्तीच्या टेबलावर मनगटपट्टा हवाच

देवगड-जामसंडे परिसरातील व्यापार आता कॉम्प्युटरवाचून चालत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे २०२५ च्या हंगामात इथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले. बागायतदाराची ऑर्डर मोबाईलवर येते, पावती प्रिंटरवर निघते, वजनकाटाही इलेक्ट्रॉनिक झाला. बोटीवरचा तांडेल जीपीएस आणि मासळी शोधणारे यंत्र पाहून जाळे टाकतो. ही सारी यंत्रे बिघडली की ज्याच्या टेबलावर येतात, त्या कारागिराविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

या कारागिराच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न असते, हॉट एअर ब्लोअर असतो, मल्टिमीटर असतो. मात्र स्थिर विजेपासून सुटे भाग वाचवणारा मनगटपट्टा आणि अँटिस्टॅटिक मॅट या दोन वस्तू बहुधा नसतात. विचारले तर उत्तर ठरलेले: “आपल्याकडे समुद्राची ओली हवा. ती थंड, कोरड्या मुलखातली भानगड. इथे कशाला हवी?”

या उत्तरात तथ्य नाही असे नाही. पण ते अर्धेच आहे. पुरे काय ते पाहू.

स्थिर वीज माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. तसबीहच्या मण्यांसाठी जो पिवळसर कहरुबा वापरतात, तो कापडावर घासला की गवताची काडी ओढून घेतो. कहरुबा या फारसी शब्दाचा अर्थच ‘काडी पळवणारा’ असा आहे, आणि त्यावरूनच अरबीत विजेला ‘कहरबा’ म्हणतात. तीच वीज आपण चालताना, खुर्चीवरून उठताना, प्लास्टिकची पिशवी उचलताना अंगावर साठते. हवा दमट असेल तर ती लवकर निघून जाते. कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रतेत, गालिच्यावर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर तोच आकडा १,५०० वर येतो. एवढा फरक पडतो हे खरे.

पण १,५०० म्हणजे शून्य नव्हे. अशाच दमट हवेत टेबलावरची प्लास्टिकची पिशवी उचलली तर १,२०० व्होल्ट आणि नुसते टेबलाशी बसून काम केले तरी १०० व्होल्टपर्यंत दाब तयार होऊ शकतो. आता दुसरी बाजू पाहा. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली माणसाला चटका जाणवतच नाही. उलट काही नाजूक चिप १०० व्होल्टलाही दगावतात. म्हणजे “मला कधी करंट लागला नाही” हा पुरावा होऊच शकत नाही. चिप मेली तरी बोटाला खबर नसते.

शिवाय ओली हवा बाहेर आहे, दुकानात ती असेलच असे नाही. एसी लावला की तो हवेतले पाणी काढून नाल्यात सोडतो. अंगात टेरिकॉटचा शर्ट, खाली प्लास्टिकची खुर्ची, जवळ थर्मोकोलचे खोके आणि धूळ उडवणारा ब्लोअर. एवढे जमले की समुद्र हाकेच्या अंतरावर असून उपयोग नाही.

“आम्ही इतकी वर्षे असेच काम करतो, काही झाले नाही,” असेही ऐकू येते. आमचे म्हणणे असे की, काही झाले नाही हे ठरवणार कसे? स्थिर विजेचा मार नेहमी तिथल्या तिथे दिसत नाही. चिपच्या आतला पडदा थोडासा फाटतो, यंत्र सुरू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते आणि दोन महिन्यांनी तोच बोर्ड बंद पडतो. कारागीर म्हणतो, माल डुप्लिकेट आला. गिऱ्हाईक म्हणते, मेकॅनिक कच्चा. खरा चोर दोघांनाही दिसत नाही. पण नाव मात्र कारागिराचे जाते. तेही ऐन आंब्याच्या दिवसांत, जेव्हा एक दिवस कॉम्प्युटर बंद राहिला तर बागायतदाराची घडी विस्कटते.

उपाय महाग नाही. वायर असलेला साधा मनगटपट्टा दोन-तीनशे रुपयांच्या घरात मिळतो. एका मदरबोर्डची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. घेताना एवढे पाहावे की पट्ट्याला वायर आहे. बिनवायरचे पट्टेही बाजारात विकले जातात. त्यांवर पैसा घालवू नये, कारण वीज जायला वाटच नसेल तर ती जाणार कुठे? पट्टा उघड्या कातडीवर घट्ट बसला पाहिजे, बाहीवर किंवा घड्याळावर नव्हे. त्याच्या वायरीत १० लाख ओहमचा रेझिस्टन्स असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलीअँपिअरहून कमी करंट जावा, यासाठी तो असतो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तार मनगटाला बांधण्याचा शहाणपणा कोणी करू नये. रोज सकाळी मल्टिमीटरने पट्टा तपासावा. रीडिंग दहा लाखांच्या आसपास आले तर ठीक, काहीच आले नाही तर वायर तुटली असे समजावे.

पट्टा अर्थिंगला जोडायचा, तर अर्थिंग खरे हवे. आपली जमीन जांभ्याची. एप्रिल-मेमध्ये ती सुकली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि तिसरी पिन नावापुरती उरते. वायरमनकडून ते तपासून घ्यावे, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. न्यूट्रलला अर्थ समजून पट्टा जोडणे जिवावर बेतेल. अर्थिंगची खात्री नसेल तर मशीनचा प्लग काढून पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावी. माणूस आणि मशीन एका पातळीवर आले तरी मोठा धोका टळतो. काढलेला बोर्ड वा रॅम अँटिस्टॅटिक पिशवीच्या आत ठेवावी. पिशवीवर ठेवून संरक्षण मिळत नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. चालू वीजपुरवठ्यावर उघडलेला पॉवर सप्लाय किंवा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही तपासताना पट्टा हातात नको. तिथे चिपपेक्षा माणूस मोलाचा.

आणि गिऱ्हाइकांनाही एक विनंती. दुरुस्तीचे पन्नास रुपये कमी करून घेण्यासाठी आपण जेवढी घासाघीस करतो, त्यातले एक वाक्य “भाई, पट्टा लावता का?” या प्रश्नावर खर्च करावे. जो लावतो, त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार आपोआप आणतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

दुसऱ्याचे यंत्र आपल्या टेबलावर आले की ते अमानत असते. सोनार घासातली पूडही जपून ठेवतो, शिंपी कापडाचा तुकडा परत देतो. कॉम्प्युटरच्या कारागिराने न दिसणाऱ्या ठिणगीपासून गिऱ्हाइकाचा माल जपला, तर त्याची गणना याच जुन्या, भरवशाच्या कारागिरांत होईल. येत्या हंगामाआधी प्रत्येक टेबलावर एक पट्टा आणि एक मॅट दिसावी, एवढीच आमची अपेक्षा.